४० एच.पी.ची मोटार आणि 'बरोबर' व्होल्टेज

कर्नाटकातल्या निपाणी भागात, दूधगंगेच्या काठी आमची भागीदारीतली पाणी योजना आहे. पंप, पाइपलाइन, मीटर सगळं सरळ झालं. घोडं अडलं ४० एच.पी.ची मोटार चालू करताना.

थ्री फेज आला की काठावरच्या सगळ्यांचे ऑटो स्विच (वीज आली की आपोआप मोटार चालू करणारे) एकदम लागतात. ४१५ व्होल्ट पाहिजे तिथं ३५०. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, म्हणजे ७१ टक्केच उरतो. त्यात स्टार-डेल्टा स्टार्टर मोटार आधी कमी व्होल्टेजच्या 'स्टार' जोडणीत चालू करतो आणि मग पूर्ण व्होल्टेजच्या 'डेल्टा'त टाकतो. स्टारमध्ये जोर मुळातच तिसरा हिस्सा मिळतो. दोन्ही मिळून २४ टक्के! मोटार निम्म्या वेगावर घुमत राहायची, टायमर डेल्टात टाकायचा, करंट उसळायचा, व्होल्टेज आणखी बसायचं आणि स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटार जोडणारा स्विच) सोडून द्यायचा. खट्ट. पुन्हा पहिल्यापासून.

टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण वीज खात्याच्या सेक्शन ऑफिसात कागद लागतो. अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. लाइनमन यायचा तो थ्री फेजची पाळी संपत आल्यावर, बहुतेकांच्या मोटारी बंद झालेल्या असायच्या. मीटर लावला की ४१० दाखवायचा. रिपोर्टात 'व्होल्टेज बरोबर'. वर गेलो तर म्हणे सेक्शनचा रिपोर्ट आणा. सेक्शनला गेलो तर म्हणे रिपोर्ट दिलाय की. आणि वर सल्ला, "पाटील, मोटार रिवाइंड करून घ्या." मोटार नवी कोरी!

मी अर्जाची पोच शिक्का मारून घेत गेलो, तेवढं मात्र तुम्हीही करा. शेवटी पाळी सुरू व्हायच्या आधीच लाइनमनला आमच्या पेटीजवळ आणून बसवलं, चहा पाजला. "आता लावा मीटर, आणि मी बटण दाबतो तेव्हाही बघा." चालू करताना काटा ३१० वर आला. तोच आकडा तिन्ही फेजच्या आकड्यांसह वेळ घालून लिहून घेतला. लो टेन्शनला (म्हणजे आपल्या ४१५ व्होल्टच्या लाइनला) ६ टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे ३९० च्या खाली त्यांचीच बाजू लंगडी. मग मात्र वेगळा टीसी मंजूर झाला. मला राग एवढाच की तोच मीटर पहिल्या दिवशीही त्यांच्याच पिशवीत होता.

स्टार्टरही बदलला. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्टार्टर चालू करताना मोटारीला कमी व्होल्टेज देतो, त्याला ५०, ६५, ८० टक्के व्होल्टेजचे टॅप (जोडणीच्या जागा) असतात. ६५ वर जोर ४२ टक्के मिळतो आणि लाइनवरचा करंटही जवळपास ४२ टक्केच. ८० वर जोर ६४, पण करंटही तेवढाच चढतो. टीसी लहान असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

हो, सेंट्रिफ्युगल पंप असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करायचा आणि वेग धरल्यावर उघडायचा, यात पैसे लागत नाहीत. स्टार-डेल्टाच ठेवणार असाल तर अँमीटर बघा. करंट खाली उतरल्याशिवाय डेल्टात टाकू नका, टायमर तसा लावून घ्या. आणि १० एच.पी.पर्यंतच्या फुकट विजेत आपण बसत नाही, त्यामुळे बिल नियमित भरलेलं असू द्या. थकबाकी असली की पहिला प्रश्न तोच येतो.