घोडा निळा असतो का?

ऑफिसातल्या पंचिंग मशीनकडे कुणी प्रेमाने बघत नाही. कागदाला दोन भोकं पाडायची, फायलीत अडकवायचा आणि खाली साठलेल्या गोल टिकल्या नेमक्या पंख्याखाली सांडायच्या, एवढंच त्याचं काम. एरिक कार्ल नावाचा अमेरिकन चित्रकार मात्र एकदा कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडता पाडता त्या भोकांकडेच बघत राहिला. त्याला सुचला पुस्तक पोखरणारा किडा. संपादिका अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा काही रुचेना. त्या म्हणाल्या, अळी घेतली तर? त्यावर कार्ल म्हणाला, फुलपाखरू! १९६९ साली ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ आलं ते असं. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर असं खात जाणारी अळी आणि प्रत्येक फळातून आरपार गेलेलं खरंखुरं भोक. लहानमोठ्या मापाची पानं आणि त्यांतली भोकं परवडेल अशा खर्चात करून देणारा छापखाना अमेरिकेत मिळाला नाही, म्हणून पुस्तक जपानात छापून घ्यावं लागलं.

आता ती अळी कपांवर आहे, दप्तरांवर आहे, बाळांच्या लाळेऱ्यांवरही आहे. पण तो झाला खप. कार्लचा खरा ठसा मला दिसतो तो त्याच्या रंगांत.

तो चित्र रंगवायचा नाही, आधी कागद रंगवायचा. पताकांना वापरतात तसल्या पातळ कागदावर अ‍ॅक्रिलिकचे फटकारे मारायचे, कधी ब्रशने, कधी बोटांनी, कधी गालिच्याच्या तुकड्याने. वाळले की रंगांप्रमाणे खणांत लावून ठेवायचे. मग हवा तो आकार कापायचा आणि भिंतीचे कागद चिकटवायच्या खळीने डकवायचा. म्हणून त्याची अळी एका हिरव्या रंगाची नाही, तिच्या अंगावर दहा तऱ्हांचे हिरवे आहेत. आपल्या शाळांत याला चिकटकाम म्हणतात आणि ज्यांना ‘चित्र येत नाही’ त्यांच्या वाट्याला ते येतं. कार्लने सगळी कारकीर्द चिकटकामावर काढली.

हे धाडस त्याला कुणी दिलं, ती गोष्ट मला अळीपेक्षा मोठी वाटते. कार्लचा जन्म १९२९चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. आईवडील मूळचे जर्मन. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब स्टुटगार्टला परतलं, म्हणजे थेट हिटलरच्या राज्यात. शाळेत क्राउस नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. या पोराचा हात मोकळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं, पण वर्गात शिकवायचं ते हुबेहूब चित्रणच, असा वरून हुकूम. मग एक दिवस त्यांनी त्याला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या, नाझींनी बंदी घातलेल्या चित्रांच्या प्रती दाखवल्या. कुठे बोलू नकोस, असंही बजावलं. असलं काही पोराने जन्मात पाहिलेलं नव्हतं. तो हादरलाच. त्यात फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराचा निळा घोडा होता.

मार्कने आपले निळे घोडे १९११च्या सुमारास रंगवायला घेतले आणि १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या वर्दंच्या रणांगणावर जर्मनीसाठी लढताना तो मारला गेला. १९३७ साली नाझींनी नावडत्या आधुनिक चित्रांना हिणवायला म्युनिकमध्ये ‘भ्रष्ट कलेचं’ प्रदर्शन मांडलं, त्यात त्याचं निळ्या घोड्यांचं भलंमोठं चित्रही टांगलं. तेव्हा माजी लष्करी अधिकाऱ्यांनीच तक्रार केली की हा तर आपला धारातीर्थी पडलेला माणूस! चित्र गुपचूप उतरवलं गेलं. शिपाई चालत होता, त्याचा घोडा चालत नव्हता, अशी पंचाईत.

कार्ल १९५२ साली न्यूयॉर्कला परतला आणि जाहिरातींच्या धंद्यात शिरला. एका जाहिरातीतला त्याचा लाल शेवंडा बिल मार्टिन या लेखकाच्या नजरेत भरला आणि १९६७ साली दोघांचं तपकिरी अस्वलाचं पुस्तक निघालं. त्याची पानं उलटा: जांभळी मांजर आहे आणि निळा घोडाही आहे! मास्तरांच्या घरातून निघालेला घोडा पंचवीसेक वर्षांनी असा मुलांच्या हातात पोचला. पुढे २०११ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कार्लने मार्कचं ऋण मानणारं एक अख्खं पुस्तकच काढलं. त्यात हिरवा सिंह, जांभळा कोल्हा, काळं ध्रुवीय अस्वल आणि ठिपक्यांचं गाढव. दहा वर्षांनी, २०२१ साली, तो गेला.

आणि आपल्याकडच्या नर्सरीत काय चालतं? बाईंनी (किंवा रात्री जागून आईने) आधीच कापून ठेवलेले हिरवे गोल, त्यांना मुलांनी नुसता डिंक लावायचा. पालकसभेला फळ्यावर सगळ्या अळ्या एकाच साच्यातल्या, डोळेसुद्धा एकाच जागी. एखाद्याने अळी गुलाबी केलीच तर ‘असं नसतं रे बाळा’. हुबेहूबपणाचा हुकूम काढायला दर वेळी हिटलरच लागतो असं नाही.

भाचीला मी ते निळ्या घोड्याचं पुस्तक दाखवलं. घोडा तिने बिनतक्रार मान्य केला, जांभळा कोल्हाही. अडली ती पिवळ्या गायीपाशी. “हिचं दूध कुठल्या रंगाचं?”

पिवळी गाय मार्कनेही रंगवली आहे, पण दुधाबद्दल त्याने किंवा कार्लने काहीच सांगून ठेवलेलं नाही. मी म्हटलं, हळदीचं असणार. तिला ते लगेच पटलं, फक्त प्यायला सांगू नकोस म्हणाली.