निसिस म्हणजे मामंजी

क्री भाषेतले रोजचे शब्द आणि शेजारी त्यांचे इंग्रजी अर्थ, अशा याद्या वाचायचा मला नाद आहे. ही कॅनडातली भाषा. अल्बर्टाच्या गवताळ मैदानांपासून पूर्वेला पार लॅब्राडोरपर्यंत तिच्या बोली पसरल्या आहेत. चहा म्हणजे 'मस्किहकीवापोय', औषधाचं पाणी. दारू म्हणजे 'इस्कोतेवापोय', आगीचं पाणी. घोडा 'मिस्ततिम', म्हणजे मोठा कुत्रा. घोडे आले युरोपियनांमुळे, त्याआधी ओझी ओढायला कुत्रेच असत. इथवर इंग्रजीचं बरं चालतं. नातीगोती सुरू झाली की तिची तारांबळ उडते.

'निसिस'समोर लिहितात अंकल. मग खुलासा: आईचा भाऊ, आणि सासरासुद्धा. 'निसिकोस' म्हणजे वडिलांची बहीण, आणि सासूसुद्धा. इंग्रजी वाचकाला हे कोडं वाटत असेल. मला हसूच आलं. अहो, मामंजी आणि आत्याबाई की! मामाची मुलगी करायची चाल जिथे होती तिथे मामा आणि सासरा एकाच पाटावर बसायचे. क्री लोकांतही आते-मामे भावंडांची लग्नं जमत. चुलत आणि मावस मात्र सख्ख्यासारखी. म्हणून मावशी 'निकावीस', म्हणजे धाकटी आई, आणि काका 'नोहचावीस', धाकटे वडील. माय मरो नि मावशी जगो म्हणणाऱ्यांना हे वेगळं काय समजावायचं? इंग्रजीत मात्र मावशी, आत्या, मामी, काकू सगळ्या एकाच आंटीत कोंबलेल्या.

क्रीमध्ये नातं कुणाचं हे सांगितल्याशिवाय शब्दच पुरा होत नाही. 'नोहकोम' माझी आजी, 'कोहकोम' तुझी आजी. यातली 'तुझी आजी' तिकडच्या इंग्रजीतही शिरली आणि 'कोकम' झाली. नातवंडं आजीला सर्रास कोकम म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे लगेच सोलकढीची वाटी.

'आम्ही' आणि 'आपण' यांनाही तिथे वेगळे शब्द आहेत: 'नियनान' आणि 'कियानाव'. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' यांतला फरक ऐकणाऱ्याच्या पोटाला बरोबर कळतो. इंग्रजी 'वी' ऐकून बिचारा उठावं की बसावं या विचारात.

पण फार शेखी मिरवायला नको. 'निसीमिस' म्हणजे पाठचं भावंड, मग बहीण असो वा भाऊ, आणि 'विय' म्हणजे तो किंवा ती. मराठीत वाक्य संपेपर्यंत ते ठरवावंच लागतं. क्रीची वाटणी निराळी, सजीव आणि निर्जीव अशी. त्यात दगड सजीव, पायमोजा सजीव. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव! का, म्हणून विचारायची सोय नाही. विचारलंच, तर आपल्याला आधी सांगावं लागेल की दगड 'तो' आणि शिळा 'ती' कशी.