घरी केलेले डासांचे सापळे: बाटलीपासून काळ्या बादलीपर्यंत

डासांसाठी घरी सापळा करायचा म्हटले की बहुतेकांना आठवते ती अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली. माझीही सुरुवात तिथूनच झाली. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा आत बसवायचा, खालच्या भागात साधारण २०० मिलिलिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवून त्यावर एक ग्रॅम यीस्ट भुरभुरायचे, सांधे चिकटपट्टीने बंद करायचे आणि बाहेरून काळा कागद गुंडाळायचा, अशी ती सर्वत्र सांगितली जाणारी कृती आहे. पाणी कोमटच हवे, कारण फार गरम पाण्यात यीस्ट मरते, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. मी हे सगळे नेमाने केले, बाटली खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि आठव्या दिवशी कागद सोडून पाहिले. आत चिलटे भरपूर होती, दोन मुंग्या होत्या आणि डास एकच होता, तोही नर. (नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात, त्यामुळे भिंगाखाली तो सहज ओळखू येतो.) चावते ती मादी, कारण अंडी घडवण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात, नर फुलांतील मधुरसावर जगतो. म्हणजे माझ्या बाटलीने आठवडाभरात एकाही चावणाऱ्या डासाला अडवलेले नव्हते.

असे का झाले असावे, याचा विचार करताना मी एक साधा हिशेब मांडला. साखर आंबताना यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्या वायूच्या मागावर मादी येते, हे तत्त्व खरे आहे. आपला उच्छ्वास ती याच वायूवरून दुरून ओळखते. परंतु ५० ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली तरी तिच्यातून जास्तीत जास्त १४ लिटरच्या आसपास वायू निघतो, आणि तोही चार-पाच दिवसांत थोडाथोडा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तेवढाच वायू तो सुमारे सव्वा तासात सोडून मोकळा होतो. शिवाय माणसाजवळ अंगाची ऊब असते, घामाचा ओलावा असतो, त्वचेचा वास असतो, आणि जवळ आल्यावर मादी या खुणांच्या आधारेच नेमकी जागा निवडते. ज्या खोलीत मी स्वतः बसलेली आहे, त्या खोलीत डासाने मला सोडून बाटलीकडे जावे, ही अपेक्षाच भाबडी होती. संशोधक यीस्ट आणि साखरेचे मिश्रण सापळ्यांत वापरतात, हे खरे. परंतु त्यांचे मिश्रण कितीतरी मोठे असते आणि आलेल्या डासाला आत ओढून घेणारा पंखाही त्यासोबत असतो. नुसत्या नरसाळ्याच्या भरवशावर ते राहत नाहीत.

निळ्या दिव्याच्या सापळ्याबद्दलही थोडे सांगून टाकते, कारण बाटलीनंतर माझे लक्ष तिकडे गेले होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली घरोघरच्या विजेच्या कीटकमार दिव्यांत मेलेले कीटक मोजले होते. एकूण १३,७८९ कीटकांपैकी चावणारे केवळ ३१ निघाले; बाकीचे बहुतेक निरुपद्रवी होते आणि त्यांत इतर किडींना खाणारे उपयोगी कीटकही होते. हा आकडा वाचल्यावर मी दिव्याचा नाद सोडला. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या साबणाच्या पाण्याची वाटी हाही प्रकार मी करून पाहिला. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाण्यावर टेकलेला कीटक बुडतो, हे बरोबर आहे, परंतु डासाने तिथे टेकावेच कशासाठी, याचे उत्तर त्या वाटीत नसते.

पंख्याचा सापळा मात्र थोडाफार उपयोगी पडला. डास फार दुबळा उडणारा असल्यामुळे जोराच्या झोतापुढे त्याचे काही चालत नाही. टेबलफॅनच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी नाडीने बांधली, की मागून ओढले गेलेले डास पिशवीत जाऊन पडतात. पंखा बंद करण्याआधी पिशवीचे तोंड आवळले पाहिजे, नाहीतर जिवंत राहिलेले डास शांतपणे बाहेर पडतात. मी एकदा ते विसरले होते. कापड दाट असेल तर हवा अडते आणि मोटर तापते, म्हणून विरळ विणीचे कापड घ्यावे आणि असा पंखा चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये. या सापळ्यात मी समोर बसलेली असताना जास्त डास सापडत, कारण आमिष अर्थातच मीच होते.

खरा फरक पडला तो प्रश्न उलटा केल्यावर. भुकेल्या मादीला फसवायचे तर माझ्या शरीराशी स्पर्धा करावी लागते. परंतु रक्त पिऊन झालेली, अंडी घालायला जागा शोधणारी मादी माणसाच्या मागे नसते, ती पाण्याच्या शोधात असते. तिला हवे ते पाणी मी सहज देऊ शकते. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात अमेरिकेत एडिस डासांचा (डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचा) वावर मोजण्यासाठी काळ्या भांड्यांचे असेच सापळे वापरात आले आणि आजही ते वापरले जातात. घरी ते करणे अगदी सोपे आहे. एक-दोन लिटर पाणी मावेल अशी काळी बादली किंवा बाहेरून काळा रंग दिलेला डबा घ्यावा, पावसाने तुडुंब भरू नये म्हणून अर्ध्या उंचीच्या थोडे वर एक छिद्र पाडावे, आणि आतल्या बाजूने खरखरीत कापडाची पट्टी अशी लावावी की तिचा खालचा भाग पाण्यात राहील व वरचा ओला होत राहील. एडिसची मादी थेट पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर खरखरीत पृष्ठभागावर अंडी घालते. पट्टी त्यासाठीच असते.

पाण्याचेही थोडे शास्त्र आहे. नळाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा वाळलेले गवत कुजवलेले पाणी मादीला अधिक ओढते, कारण कुजणाऱ्या पाल्यातील जिवाणू म्हणजे तिच्या अळ्यांचे अन्न. मूठभर वाळलेले गवत झाकणबंद डब्यात पाण्यात आठवडाभर ठेवले की ते पाणी तयार होते. त्याचा वास मात्र असा असतो की घरातील इतर माणसांनी हा उद्योग घराच्या मागच्या बाजूला हलवण्याचा ठराव एकमताने संमत केला. तो निर्णय सापळ्याच्या दृष्टीनेही योग्यच ठरला, कारण बादली सावलीत, जमिनीलगत आणि झाडाझुडपांच्या आडोशालाच ठेवावी लागते. उन्हात आणि वाऱ्यात ती निरुपयोगी ठरते.

पहिल्या पाच दिवसांनी पट्टी काढून पाहिली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीच्या टोकाने टेकवल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले. भिंगाखाली ती लांबट, चकचकीत अंडी निघाली. मी मोजली ती ६२ होती. पट्टी उकळत्या पाण्यात टाकली, बादलीतील पाणी उन्हाने तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतले आणि बादलीची आतली बाजू ब्रशने घासून काढली. यातील एकही पायरी गाळून चालत नाही. एडिसची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात, त्यामुळे पट्टी नुसती वाळवणे म्हणजे अंडी जपून ठेवणेच होय. आणि पाणी गटारात ओतले तर अळ्यांना फक्त नवे घर मिळते.

या सापळ्याचा मोठा धोका मला स्वतःच्या निष्काळजीपणातून कळला. एकदा मी बाहेरगावी गेले आणि बादली तशीच राहिली. बारा दिवसांनी परतले तेव्हा पाण्यावर कोषांची रिकामी, पारदर्शक टरफले तरंगत होती. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे मी घरामागे डासांचे पाळणाघरच चालवत होते. तेव्हापासून पाण्यात बीटीआय नावाच्या जिवाणूची गोळी टाकते. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात १९७६ साली सापडलेल्या या जिवाणूची प्रथिने अळ्यांच्या आतड्यात जाऊन त्यांना मारतात. गोळी टाकली म्हणून दर पाच दिवसांनी पट्टी आणि पाणी काढण्याचा नेम मी सोडलेला नाही. गोळी नसेल तर बादलीच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड असे ताणून बसवावे की ते पाण्याला जेमतेम टेकेल. अंड्यांतून निघालेल्या अळ्या जाळीखाली जातात आणि पुढे त्यांचे डास झाले तरी ते वर येऊ शकत नाहीत.

या बादलीकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट असलेले बरे. ती मुख्यतः एडिससाठी, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या, दिवसा चावणाऱ्या डासासाठी आहे. रात्री चावणारा क्युलेक्स कुजक्या पाण्यावर येतो खरा, परंतु त्याच्या अंड्यांचे तराफे पट्टीवर नव्हे तर पाण्यावरच तरंगतात, ते वेगळे शोधावे लागतात. आणि मलेरियाच्या अॅनॉफिलिसला हे घाण पाणी सहसा आवडत नाही. शिवाय एडिसची मादी एका खेपेची अंडी एकाच ठिकाणी न घालता अनेक भांड्यांत विभागून घालते. त्यामुळे आसपास उघडी भांडी पडलेली असतील तर बादली त्यांपैकी केवळ एक होऊन बसते. आधी बाकीचे पाणी हटवायचे आणि मग सापळा लावायचा, हा क्रम उलटा झाला तर कष्ट वाया जातात.

मी आता प्रत्येक पट्टीवरील अंड्यांची संख्या वहीत टिपून ठेवते. काही आठवडे ती वीस-पंचवीसवर स्थिर होती आणि मागच्या महिन्यात अचानक शंभराच्या पुढे गेली. काहीतरी नवे साचले असणार, असे समजून घराभोवती सगळे उलथेपालथे केले. उलटी ठेवलेली कुंडी, तिच्या बुडाची खळगी, आणि त्या खळगीत वाटीभर पाणी. अळ्या तिथे होत्या. पुढच्या पट्टीवर अंडी १९ निघाली.