ठणका थांबला, मग रूट कॅनल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारतं तसं रोजच कुणी ना कुणी. "मॅडम, आठवडाभर झोप नव्हती, पण परवापासनं दाढ एकदम शांत आहे. आता कशाला नस काढायची?" बार्शीत दातांचा दवाखाना चालवताना याचं उत्तर मी आजवर खुर्चीशेजारी उभ्यानं, घाईत देत आले. 'पैसे काढायला बसलीय' हे समोरच्या चेहऱ्यावर मला वाचता येतं, आणि ते लागतं. आज सावकाश सांगते.

दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असतात, भोवती सगळीकडून कठीण भिंत. बोट सुजलं तर कातडी ताणते. दाताच्या आतल्या सुजेला पसरायला जागाच नसते. म्हणून तो ठणका, आडवं पडलं की वाढणारा. दाब वाढत जातो, आतलं रक्त हळूहळू थांबत जातं आणि नस मरते. मेलेली नस दुखत नाही. तुमची दाढ शांत झाली ती अशी. जंतू मात्र आतच राहतात, आणि जिथं रक्त जात नाही तिथं मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक तरी कशी पोचणार? १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांच्या दाढांना भोकं पाडून त्या तशाच उघड्या ठेवल्या. त्यांच्या नसा जगल्या, साध्या उंदरांच्या कुजल्या. आम्ही बारीक फायलींनी, म्हणजे सुईसारख्या कानशींनी, मुळं आतून घासतो, औषधानं पुन्हापुन्हा धुतो आणि गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतो, ते या जंतूंसाठी.

अडतीवर कामाला असलेले एक गृहस्थ होते. खालची मागची दाढ, एक्स-रेत मुळाशी काळी सावली स्पष्ट, म्हणजे जंतूंमुळे तिथलं हाड झिजलेलं. मी दाखवली. ते म्हणाले, "दिवाळी होऊ द्या, सीझन आहे." दिवाळीनंतर आले नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा गालावर हात ठेवून म्हणाले, "थांबलंय की आता."

मग एका सकाळी शटर उघडायच्या आधीच त्यांची बायको त्यांना धरून दारात उभी. "रात्रीधरनं गिळंना झालंय." तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. लाळ गळत होती, आवाज घशात अडकलेला. हनुवटीखाली हात लावला तर दोन्ही बाजूंनी लाकडासारखं कडक. जीभ वर उचलली गेली होती. लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली वर्णन केलेला हा आजार मी पुस्तकात वाचला होता. त्यात माणूस पुवानं नाही, श्वास कोंडून जातो हे माहीत होतं. खुर्ची आडवी केली नाही, त्यांना ताठ बसवलं, गाडी बोलावली आणि सोलापूरला फोन लावला. गाडी येईपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. प्रत्येक श्वासाला त्यांची पकड आवळत होती आणि मी ते श्वास ऐकत उभी होते. माझ्याकडे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सोलापुरात श्वासासाठी नळी घातली, जबड्याखाली चिरून पू काढला, दाढ काढली. वाचले. बऱ्याच दिवसांनी आले तेव्हा दाढी वाढवली होती, खालचा व्रण झाकायला. म्हणाले, "मॅडम, पण दुखत नव्हतं की हो."

आता खरं तेही सांगते. बहुतेकांचं असं होत नाही. मेलेली दाढ वर्षानुवर्षं गप्प राहते, फार तर हिरडीवर फोड येतो, फुटतो, पुन्हा येतो. त्यामुळे हा प्रसंग सांगून घाबरवणं मला पटत नाही, आणि न सांगणंही पटत नाही.

"मग काढूनच टाका" म्हणता, तर तेही चुकीचं नाही. दाढ गेली की जंतूंचं घरही जातं. कॉलेजातून बाहेर पडलेली मी हे ऐकून घेतलं नसतं. तेव्हा मला प्रत्येक काढलेली दाढ हरल्यासारखी वाटायची. त्या मुलीशी मी अजून भांडते. तिला सांगते, रूट कॅनलचे पैसे कसेबसे जमवणारा माणूस वर बसवायच्या कॅपचे कुठून आणणार? कॅपविना पोखरलेली दाढ भाकरीचा तुकडा चावताना उभी चिरते, मग तीही गेली, पैसेही गेले. ती मला विचारते, की मग ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची दाढ काढायची आणि ज्याच्याकडे आहेत त्याची वाचवायची, हा तुझा न्याय का? याला माझ्याकडे उत्तर नाही. दाढ काढली की शेजारची कलते, वरची खाली उतरू लागते, हे तिचं म्हणणंही खरंच आहे.

म्हणून वाचवायची की काढायची, हे तुम्ही घरी बोलून ठरवा, पैशांचं गणित मांडा. हप्त्यानं दिलेत तरी मी घेते. पण तिसरा पर्याय म्हणून 'दुखत नाही, राहू दे' म्हणालात, तर मी पुन्हा एक्स-रे उजेडात धरून ती काळी सावली दाखवणार. तुम्हाला कितीही राग आला तरी.