ट्रोपोनिनच्या रिपोर्टवर बायका-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या करताना

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन; ते अगदी कमी असतानाही मोजणाऱ्या हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टीच्या रिपोर्टवर नागपुरातल्या आमच्या लॅबमध्ये ‘१४ पर्यंत नॉर्मल’ अशी सगळ्यांसाठी एकच ओळ छापली जायची. ४८ वर्षांच्या बाईचा आकडा १२ नॅनोग्रॅम प्रति लिटर आला तर पुढे कसलीच खूण नसायची. निरोगी लोकांतली ९९वी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ९९ जणांचा आकडा ज्याच्या आत राहतो ती मर्यादा, मात्र बायकांत ९ आणि पुरुषांत साधारण १७ येते. म्हणजे तो १२ बाईसाठी वाढलेला, पुरुषासाठी नॉर्मल. हार्ट अटॅकच्या २०१८च्या चौथ्या जागतिक व्याख्येतही बायका-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या ठेवा असंच सांगितलंय.

म्हणून आम्हीही मर्यादा वेगळ्या केल्या. मशीनवर फारसं काही बदलावं लागलं नाही. खरी अडचण नोंदणीच्या खिडकीवर निघाली. शहरातल्या धंतोली-रामदासपेठेतून येणाऱ्या फॉर्मवर स्त्री-पुरुष हा रकाना कोरा असला की सॉफ्टवेअर आपोआप ‘पुरुष’ धरायचं. एवढ्यानेच बाईच्या रिपोर्टवर १७ची मर्यादा छापून गेली असती. आता रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. अपवाद फक्त इमर्जन्सीचा: तिथे नमुना अडवायचा नाही, दोन्ही मर्यादा छापायच्या.

नव्या मर्यादांच्या पडताळणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. २० निरोगी लोक तपासून त्यांतले दोनपर्यंत मर्यादेबाहेर गेले तरी मर्यादा मान्य, ही पद्धत नेहमीच्या तपासण्यांना चालते. ९९व्या पर्सेंटाइलला ती पुरत नाही, त्यासाठी किमान ३०० पुरुष आणि ३०० बायका लागतात. एवढे निरोगी लोक आणायचे कुठून? म्हणून मर्यादा किटच्या माहितीपत्रकातली घेतली आणि आमचं मशीन ९ला किती स्थिर आहे ते तपासलं. कंपनीचा कंट्रोल (मशीन तपासायचा ठरावीक आकड्याचा नमुना) त्याहून बराच वर होता. तेव्हा ८ ते १० आकडा आलेल्या नमुन्यांचं उरलेलं सीरम एकत्र करून पूल केला, छोट्या भागांत गोठवला आणि ५ दिवस रोज ५ वेळा चालवला. सीव्ही, म्हणजे आकड्यांतला चढउतार सरासरीच्या किती टक्के ते, १० टक्क्यांच्या आत हवा; ९ला म्हणजे एसडी (तोच चढउतार आकड्यात) ०.९च्या आत. गुठळी पूर्ण बसायच्या आधी सेंट्रिफ्यूज केलेल्या नमुन्यात फायब्रिनचे धागे राहतात आणि आकडा खोटा चढू शकतो. असा नमुना पुन्हा फिरवूनच लावायचा.

दुसऱ्या किटचे आकडे मात्र उचलू नयेत. ॲबटच्या आर्किटेक्टवर ट्रोपोनिन आयची मर्यादा बायकांना १६, पुरुषांना ३४ आहे. एकक बदललं तरी गोंधळ होतो: ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजेच १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर.

वयाचं काय, हे डॉक्टर हमखास विचारतात. साठीनंतर किडनी आणि हृदयाच्या जुन्या दुखण्यांमुळे ट्रोपोनिन वर सरकतं, पण म्हणून म्हाताऱ्यांची मर्यादा वाढवली तर खरा अटॅक हातून निसटेल. ७८ वर्षांच्या आजोबांचा आकडा २२ आला आणि तीन तासांनीही २२च राहिला तर दुखणं बहुधा जुनं; तोच ४० झाला तर धावपळ करायलाच हवी. वयाप्रमाणे मर्यादा बदलते ती एनटी-प्रोबीएनपीची, म्हणजे हार्ट फेल्युअर ओळखायच्या रक्ततपासणीची. दम लागून आलेल्या पेशंटमध्ये ५०च्या आत ४५०, ५० ते ७५ला ९००, त्यापुढे १८०० पिकोग्रॅम प्रति मिली; ३००च्या खाली असेल तर ॲक्युट हार्ट फेल्युअर जवळपास नाहीच. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा वर्ध्याहून येणाऱ्या नमुन्यांना आम्ही बीएनपी या तिच्याच जोडीच्या तपासणीऐवजी हीच सुचवतो, कारण बीएनपी वाटेतच झपाट्याने उतरतं.

रिपोर्टच्या तळाशी आता एक सूचना असते: ट्रोपोनिन आल्याबरोबर आणि तासाने मोजून अटॅक आहे की नाही ठरवायच्या ‘शून्य आणि एक तासाच्या’ पद्धतीतले ५ आणि ५२ हे टप्पे बायका-पुरुष सगळ्यांना सारखेच आहेत, ते ९ आणि १७शी मिसळू नयेत.