मागची बाजू

कलादालनात शिल्पापुढे उभा राहिलो की माझी पावलं आपोआप त्याच्या मागे वळतात. परवा दुपारीही तेच झालं. मोडक्या खुर्च्यांचे पाय, छत्रीच्या काड्या आणि एक गंजका पत्रा यांचं काहीतरी उभं होतं. पक्षी म्हणा, आजारी माणूस म्हणा. काडी लाकडात नेमकी कशी घुसवलीय ते मी जवळजवळ गुडघ्यांवर येऊन बघत होतो, तेवढ्यात रखवालदाराने घसा खाकरला. चित्रांच्या बाबतीत मला ही खोड नाही. चित्र उलटं करून खिळा बघावा असं कधी वाटलेलं नाही.

शेजारच्या पाटीवर कलाकाराची भूमिका असते. स्मृती, विस्थापन, उपभोग वगैरे. ती मी वाचत नाही. तिच्याखाली बारीक अक्षरांत साहित्याची ओळ असते, ती मात्र दोनदा वाचतो. लाकूड, तार, पत्रा, छत्री. ‘छत्री’ वाचलं की काड्या पुन्हा छत्रीच्या होतात, मान वर केली की परत पक्ष्याच्या. या येरझाऱ्यांसाठीच मी जातो. ‘हे काय, मीही केलं असतं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही. करा की.

आमच्या आजोबांकडे एक पत्र्याचा डबा होता. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, वाकडे खिळे, घड्याळाची स्प्रिंग, कशाची ते कुणालाच न आठवणारी चाकं. ‘हे कशाला ठेवलंय?’ विचारलं तर ‘असू दे, लागेल.’ एकदा मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ निघाली, तेव्हा त्यांनी डब्यातून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ काढलं आणि खालून स्क्रू पिळून झाकणावर बसवलं. दोऱ्याचं टोक अडकवायची बारीक खाच रिळाच्या कडेला तशीच होती, माथ्यावर गोल कागदाचा अर्धा तुकडाही चिकटलेला. मी त्या खाचेत नख घालून बसायचो. आजी आधी वैतागली, मग तीच म्हणायला लागली, ‘अरे, रीळ उचल, उतू जातंय.’ मूठ म्हणून ते कधी कुणी उचललंच नाही.

1942 मध्ये पिकासोने सायकलचं सीट आणि हँडल एकत्र आणलं आणि बैलाचं मुंडकं झालं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं, बस्स. त्याची गंमतशीर इच्छा अशी, की हे मुंडकं कधीतरी भंगारात पडावं आणि कुणाला तरी वाटावं, अरे, माझ्या सायकलला हँडल मिळालं की! हे वाक्य आजोबांच्या तोंडी शोभलं असतं. पण पुढे त्याच मुंडक्याच्या ब्राँझच्या ओतीव प्रती निघाल्या. आता वळवा त्या हँडलने सायकल!

अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हल्सन तर लाकडी कठड्यांचे, फर्निचरचे तुकडे गोळा करून सगळ्यांना सरसकट काळा रंग फासायची. माझ्या हिशेबाने हे पापच; वस्तू मूळची काय होती ते दिसत राहायला हवं. तरी तिच्या त्या भिंतीएवढ्या शिल्पांवर नजर खिळून राहते. असो, माझा नियम माझ्यापाशी.

एल अनात्सुईची शिल्पं मी फक्त फोटोंत पाहिली आहेत. जन्म घानाचा, काम बरीच वर्षं नायजेरियातल्या एन्सुक्का गावी. दारूच्या बाटल्यांची टोपणं आणि त्यांच्या गळ्याच्या पट्ट्या चपट्या करायच्या, दुमडायच्या, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधायच्या, अशा हजारो. लांबून सोनेरी महावस्त्र. ते कसं टांगायचं, चुण्या कुठे पाडायच्या, हे तो संग्रहालयावर सोडतो; म्हणजे प्रत्येक भिंतीवर शिल्प वेगळं. मी अर्थातच फोटो ताणून ताणून तारेचे पीळ बघत होतो. पीळ मोठे करता करता टोपणांवरची अक्षरं दिसायला लागली. दारूंची नावं. पश्चिम आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर युरोपचे व्यापारी आले ते दारू घेऊन, आणि तिच्या बदल्यात जी माणसं विकत घेतली ती समुद्रापार उसाच्या मळ्यांत नेली. त्या उसाच्या मळीची रम व्हायची. ती पिंपं भरून परत याच किनाऱ्यावर यायची, आणखी माणसं घ्यायला.