मुलग्याची एचपीव्ही लस : निर्णय त्याच्यासह

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूवरच्या लशीचा विषय निघाला की मुलींच्या आया कान देऊन ऐकतात आणि मुलग्यांचे पालक मात्र हे आपल्यासाठी नाहीच असे गृहीत धरतात. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची म्हणून प्रसिद्ध झाली, आणि केंद्र सरकारने 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली तीही 9 ते 14 वयाच्या मुलींसाठीच. परंतु पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लशीला 2022 मध्ये मान्यता मिळाली ती मुलगे आणि मुली दोघांसाठी. ऑस्ट्रेलियात 2013 पासून आणि ब्रिटनमध्ये 2019 पासून मुलग्यांनाही ही लस शाळेतच दिली जाते.

आमच्या चौदा वर्षांच्या मुलाने विचारले, "आई, मला गर्भाशयच नाही, मग ही लस कशाला?" प्रश्न रास्त होता, "डॉक्टर सांगतात म्हणून" एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला पटले नसते. हा विषाणू घशाच्या, गुदद्वाराच्या आणि लिंगाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो, त्याच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, आणि तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो, हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच्या बाबांना हे बोलणे या वयात फार लवकर वाटत होते. मला मात्र वाटते की याच वयात ते बोलायला हवे, कारण संसर्गाशी संबंध येण्यापूर्वी घेतली तरच ही लस पुरेपूर उपयोगी पडते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही.

खरी भीती नंतर बाहेर आली. लशीत जिवंत विषाणू नसतो, विषाणूच्या आवरणासारखे दिसणारे प्रथिनांचे कण असतात, हे त्याला चटकन पटले. पण सुई टोचल्यावर या वयातल्या काही मुलांना भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, हे वाचल्यावर तो गप्प झाला. सगळ्यांसमोर आपण कोसळलो तर, ही त्याची काळजी होती. डॉक्टरांनी ती मनावर घेतली आणि आडवे झोपवून लस देण्याचे कबूल केले. डावा दंड आणि कबड्डीचे सामने संपल्यानंतरचा शनिवार, हे त्यानेच ठरवले. अठरा वर्षांखालील मुलासाठी संमती पालकांची घेतात. तरी सुई त्याच्या दंडात जाणार होती, आणि त्याने नको म्हटले असते तर आम्ही थांबलो असतो.

लस घेतली म्हणून तोंडाच्या कर्करोगाची चिंता मिटत नाही, कारण आपल्याकडे त्याचे मोठे कारण तंबाखू आणि गुटखा आहे, हेही त्याला बजावले.

आता सहा महिन्यांनी त्याचा दुसरा डोस आहे. त्याच्या सतरा वर्षांच्या मावसभावाला मात्र तीन डोस घ्यावे लागतील, कारण पंधराव्या वर्षानंतर सुरुवात केली तर शून्य, दोन आणि सहा महिने असे वेळापत्रक असते. ते त्याला आमच्या मुलानेच फोनवर समजावून सांगितले.